गोरीपान नुआन आणि माझा एसी

मांजरांमधलं मला सगळं कळतं, असं मी गेल्या जानेवारीपर्यंत सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे! बँकॉकजवळच्या अंफवा गावात, आमच्या कालव्यावर, माणसांपेक्षा मांजरं जास्त, आणि साठ वर्षं मी त्यांच्यातच काढलेली. जिल्हा कचेरीत माझ्या टेबलाखाली कायम एक मांजर झोपलेलं असायचं. माझ्या निरोपसमारंभात आमचे साहेब म्हणाले, "थविनच्या टेबलापाशी काम कोण करायचं आणि झोपायचं कोण, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही." लोक हसले. मीही हसलो. शेवटचा दिवस होता, हसायला काय जातंय?

त्याच समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मला एक एसी भेट दिला. पुढचं सगळं महाभारत त्या एसीनं घडवलं.

आमच्या दारातून फळ्यांचा पूल ओलांडला की समोर लामुन मावशीचं घर. मावशी काही सख्खी नव्हे. मी सात वर्षांचा असताना माझी आई गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात जो भात पडला तो मावशीच्या हातचा. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे. "जेवलास का रे?" असं ती अजूनही अशा काही आवाजात विचारते, की जेवलेलो असलो तरी माझ्या तोंडून "नाही" निघतं. माझी बायको पिकुन म्हणते, तुमच्या पोटाचा घेर ही मावशीची करणी आहे.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत सात वर्षांपासून मोतीबिंदू. माणसं तिला धुरातून आल्यासारखी दिसायची. आवाजावरून ओळखायची ती. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायची, "या वयात नवीन काय बघायचं राहिलंय?" पण यंदा जानेवारीत तिची मुलगी अरुणी बँकॉकहून आली, तेव्हा म्हातारी आपण होऊन म्हणाली, "चल, करून टाकू." आम्ही सगळे चाट!

"मावशी, हे एकदम कसं काय मनात आलं?" मी विचारलं.

"मला एकदा नुआनला नीट बघायचंय," ती म्हणाली.

नुआन ही तिची मांजर. चार वर्षांपूर्वी मावशीच्या यजमानांनी, बुनमा काकांनी, देवळातून ते पिल्लू शर्टात घालून आणलं. कापसाच्या बोंडासारखं पांढरं. म्हणून नाव नुआन. आमच्याकडे गोऱ्यापान पोरीला म्हणतात तसं. आमच्या देशातली ही जुनी जात. पिल्लू पांढरं जन्मतं, मग कान, पंजे, शेपूट आणि तोंड एवढंच काळं होतं, अंग गोरं राहतं, डोळे निळे. बुनमा काका रोज संध्याकाळी ओसरीवर बसून बायकोला तिचं वर्णन ऐकवायचे. "काय सांगू लामुन तुला! अख्ख्या कालव्यावर इतकी पांढरी मांजर नाही!" मावशी मान हलवायची. पिल्लू आणल्यावर सहा महिन्यांत काका गेले. मावशीला मागे राहिली ती ही मांजर आणि ते वर्णन.

तर हे असं होतं. म्हातारीला जे बघायचं होतं ते जगात एकच होतं, आणि ते तिनं माझ्या हातात ठेवलं.

"हिला एकटीला सोडू नकोस," जाण्याच्या दिवशी ती मला बजावत होती. "माणसाच्या मागे मागे फिरणारी जात आहे ही, एकटेपणानं आजारी पडते. बोलली की उत्तर दे, नाहीतर रुसते. ब्रश नको, नुसता ओला हात फिरव. बांगड्याचे काटे नीट काढ. आणि हे बघ, तिला माझ्या चुलीशेजारी झोपायची सवय आहे. ऊब लागते तिला."

"मावशी, मांजरांचं तू मला सांगणार?" मी छाती काढून म्हटलं.

पिकुननं माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती नजर मी पाचसहा वेळाच पाहिलीय, आणि दर वेळी नंतर काहीतरी दुरुस्त करायला माणूस बोलवावा लागलाय.

पहिल्या दिवशी मला कळलं की नुआन बोलते. म्याव करणारी मांजरं मी हजार पाहिली असतील. ही बोलते! सकाळी उठल्यावर रात्रीची सगळी हकिगत सांगते, तुम्ही न्हाणीघरात गेलात तर बाहेर बसून जाब विचारते, आणि आवाज असा की पाळण्यातलं मूल भुकेनं रडतंय. मी उत्तर द्यायचो. "हो का? मग? असं म्हणाली ती?" दुसऱ्या दिवसापासून आमच्या गप्पाच सुरू झाल्या. पिकुन म्हणाली, "माझ्याशी इतकं बोलला असतात, तर मला मांजर पाळायची वेळ आली नसती."

"आपण कुठे पाळलीय? ही मावशीची आहे."

"तेच लक्षात ठेवा."

आता चुलीचं. आमच्याकडची थंडी म्हणजे काय, तर दुपारी घाम जरा कमी येतो. अशा हवेत त्या बिचारीला धगीशेजारी झोपवायचं? मला ते क्रूरपणाचं वाटलं. अंगावर एवढी लोकर! मावशी म्हातारी, तिच्या हाडांना ऊब लागते, म्हणून मांजरालाही लागते असं तिला वाटतं. मी नवा एसी आतल्या खोलीत बसवून घेतला, अठरावर ठेवला आणि नुआनची उशी बरोब्बर त्याच्यासमोर मांडली. राजवाड्यातल्या मांजरांना मिळाली नसेल अशी बडदास्त!

नुआन दारावर पंजे मारून ओरडायला लागली.

"बघ," मी पिकुनला म्हटलं, "आभार मानतेय."

पुढे ती माझ्या पोटावर, शर्टाच्या आत शिरून झोपायला लागली. माझा ऊर भरून आला. इतकं प्रेम मला कुठल्याच मांजरानं दिलं नव्हतं! पिकुन दोन गोधड्यांखालून नाक पुसत म्हणाली, "ती गारठलीय." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. बायकांना दुसऱ्याचं प्रेम बघवत नाही.

बँकॉकला मावशीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग महिन्यानं दुसऱ्याचं. मग अरुणी म्हणाली, आता नववर्ष करूनच येऊ, एप्रिलच्या तेराला. रोज दुपारी फोन यायचा. डॉक्टरांनी फोनच्या पडद्याकडे बघायला बंदी केलेली, त्यामुळे मावशी नुसतं ऐकायची. मी फोन नुआनच्या तोंडाशी धरायचो आणि त्या दोघींचं दहा मिनिटं चालायचं. मी मधे बोललेलं दोघींनाही आवडत नसे.

फेब्रुवारी संपता संपता पिकुन म्हणाली, "अहो, ही मळल्यासारखी नाही वाटत?"

मी पाहिलं. पाठीवर कुणी चहाचा हात पुसावा तसं काहीतरी होतं. "धूळ असेल," मी म्हटलं. आठ दिवसांनी धूळ मानेपर्यंत आली. आणखी आठ दिवसांत पोटाकडे उतरली. मी नुआनला आंघोळ घालायचं ठरवलं. त्या आंघोळीचं वर्णन करण्याची माझी तयारी नाही. एवढंच सांगतो, की टबातलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं, नुआन होती तशीच तपकिरी राहिली, आणि मलमपट्टी माझी झाली.

मी क्रासेकाकांना बोलावलं. क्रासेकाका आमच्या देवळाच्या जत्रेतल्या मांजरांच्या स्पर्धेचे वीस वर्षांचे परीक्षक. त्यांच्यापुढे मांजर ठेवलं की ते चष्मा पुसतात आणि मोजतात. चार पंजे, दोन कान, एक शेपूट, एक तोंड आणि शेपटीखालची ती एक जागा, अशी नऊ ठिकाणं काळी हवीत. नऊ म्हणजे नऊ! त्यांनी नुआनकडे पाहिलं. उचलली. उलटी केली. खाली ठेवली.

"थविन, मोजायला सुरुवात कुठून करू?"

"काका, म्हणजे?"

"अरे, ही एकच जागा आहे! नाकापासून शेपटीपर्यंत!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांग. लामुनची मांजर कुठंय?"

"हीच आहे ना काका!"

"चार वर्षं मी तिला जत्रेला आण म्हणून म्हातारीच्या मागे लागलोय. दुधासारखी मांजर होती ती. ही कुठल्या खानावळीमागून उचललीस?"

त्याच क्षणी नुआन त्यांच्याकडे बघून अर्धा मिनिट बोलली. मी म्हटलं, "ऐका, आवाज तोच आहे ना?" काका म्हणाले, "आवाज सगळ्या सारखाच काढतात." वीस वर्षांचा परीक्षक! संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांना बातमी पोचली की थविननं मावशीची मांजर हरवली आणि भलतीच आणून ठेवली. बांगडेवाली होडीतून ओरडली, "काय हो, काळ्या मांजरीला कुठला देऊ? स्वस्तातला चालेल?" आमच्याकडे मान मोडून टोपलीत बसवतात त्या बांगड्यासारखी माझी मान खाली गेली.

मग मी नुआनला घेऊन मेक्लोंगला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगेलीच होती. रक्त तपासतील, औषधं देतील, अशी माझी अपेक्षा. तिनं नुआनच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काका, घरी एसी आहे?"

"आहे की! नवा!" मी अभिमानानं म्हटलं. "अठरावर ठेवतो हिच्यासाठी."

ती हसायला लागली. खुर्चीत मागे रेलून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "या जातीचं असं असतं काका. अंगाचा जो भाग गार पडतो तिथले केस काळे उगवतात. कान, पंजे, शेपूट गार असतात म्हणून ते काळे. बाकी अंग उबदार म्हणून गोरं. तुम्ही अख्खी मांजरच गार केलीत!"

"म्हणजे आजारी नाही?"

"ठणठणीत आहे. फक्त ऊब द्या. हे केस गळले की पांढरे येतील."

"कधी?"

"चारसहा महिने."

मावशी यायला एकोणीस दिवस होते.

येताना बसमध्ये नुआन टोपलीतून माझ्याशी बोलत होती आणि पहिल्यांदाच मला उत्तर सुचत नव्हतं. आई गेल्यावर ज्या बाईनं मला वाढवलं, तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलं काय, तर तीन महिने एक मांजर सांभाळ. तिचा नवरा जाताना तिला एक पांढरी मांजर देऊन गेला. ती मांजर बघायला तिनं दोन्ही डोळ्यांत सुऱ्या घालून घेतल्या. आणि मी ती भाजलेल्या वांग्याच्या रंगाची करून ठेवली! लाज वाटली म्हणजे काय, पार रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "मांजर शेवटच्या घटका मोजतंय का?" मी म्हटलं, "नाही हो, मी."

घरी येताच एसी बंद. नुआनला लोकरी झबलं. दुपारी उन्हात गच्चीवर, तिच्यासोबत मी, कारण एकटी राहत नाही. दुपारी चारनंतर गावातल्या माडाच्या गुळाच्या भट्टीशी. एप्रिल तोंडावर, बाहेर चाळीस अंश, आणि आम्ही दोघं भट्टीसमोर! नुआन आनंदानं लोळायची. मी आठ दिवसांत दोन किलोंनी उतरलो. पिकुन म्हणाली, "चला, कुणाला तरी गुण आला."

एव्हाना मावशीवरची ती बंदी उठली होती. अरुणीचा फोन आला. "दादा, आईला आता छान दिसतंय! आज नुआनला दाखव."

"कॅमेरा बिघडलाय," मी म्हटलं.

"मग वहिनीच्या फोनवरून?"

"तिचाही बिघडलाय."

"दोन्ही?"

"एकमेकांचं बघून बिघडतात गं हल्ली!"

मागून मावशीचा आवाज आला. "असू दे, असू दे. समोरासमोरच बघीन. आवाज तरी ऐकव."

आता गंमत अशी, की नुआनला भट्टीवाल्यापाशी ठेवून मी घामाचा शर्ट बदलायला घरी आलो होतो आणि भट्टी चालत गेलं तर दहा मिनिटांवर. मी पिकुनकडे पाहिलं. पिकुननं दोन्ही हात जोडून मान हलवली; नको, असं करू नका. मी तिच्याकडे पाठ केली, घसा साफ केला आणि सुरू केलं. तीन महिने रोज ऐकलेलं होतं, वाईट झालं नसावं! वर चढवलं, खाली आणलं, शेवटी एक लांब तक्रारीचा सूर लावला.

पलीकडून मावशी काळजीनं म्हणाली, "घसा बसलाय का रे तिचा?"

मी वळलो तर दारात क्रासेकाका उभे. हातात नारळ होता, तो त्यांनी सावकाश खाली ठेवला आणि ते आल्या पावली निघून गेले. दुसऱ्या दिवशी बांगडेवालीनं पिकुनला विचारलं, "मांजर हरवल्याचं यांनी मनाला लावून घेतलंय म्हणे? स्वतःच मांजर झालेत?" पिकुननं म्हणे नुसता निःश्वास सोडला. नाही म्हणायला काय जात होतं तिचं!

पांढऱ्या मातीची कल्पना मला बाराव्या तारखेला बाजारात सुचली. आमच्या नववर्षाला, सोंगक्रानला, माणसं एकमेकांवर पाणी उडवतात आणि पांढरी मऊ माती कालवून गालांना फासतात. गार वाटते, सुवासिक असते, लहान बाळांनाही लावतात. सगळं गाव पांढरं असताना एक मांजर पांढरं असलं तर कुणाच्या लक्षात येणार आहे? मावशीला एकदा पांढरी नुआन दिसू दे. तिच्या डोळ्यांचं पारणं फिटू दे. मग पुढचे चार महिने मी काहीतरी निभावून नेईन!

"पाण्याच्या सणाला मातीची मांजर करताय?" पिकुन म्हणाली.

"मावशीच्या ओसरीवर कोण पाणी उडवणार आहे? म्हाताऱ्या माणसांवर कुणी उडवत नाही."

तेराच्या सकाळी मी नुआनला मांडीवर घेऊन तासभर लेप लावला. कान, पंजे, शेपूट, तोंड सोडून. क्रासेकाकांची नऊच्या नऊ ठिकाणं! वाळल्यावर हलक्या हातानं झटकलं. अप्रतिम झाली होती. फक्त एक झालं, नुआन गप्प बसली. जन्मात पहिल्यांदा! मी बोललो, विनवलं, बांगडा पुढे केला. तिनं निळे डोळे भिंतीकडे वळवले आणि अपमान झालेल्या राणीसारखी बसून राहिली.

मावशी ओसरीवरच्या बाकावर बसली होती. नवं फुलाफुलांचं लुगडं, डोळे स्वच्छ, कालव्याच्या पाण्यासारखे चमकणारे. शेजारपाजारचे जमले होते. क्रासेकाका सगळ्यांच्या पुढे. मोगऱ्याच्या पाण्याचं भांडं घेऊन अरुणी उभी. मी कुणाच्या नजरेला नजर न देता पुढे झालो आणि नुआनला मावशीच्या मांडीवर ठेवलं.

"घे मावशी. तुझी नुआन."

मावशी बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. एक बोट तिच्या पाठीवर जरासं टेकवलं. मग मान वर केली.

"ही कुणाची रे?"

मी नुआनचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"मी सांगत होतो!" क्रासेकाका गरजले. "पहिल्या दिवसापासून सांगत होतो! बदलली यानं!"

"मावशी, तीच आहे गं," मी घाईघाईनं म्हटलं. "बघ ना, किती पांढरी आहे."

"पांढरी आहे खरी. पण माझी नव्हे." मावशीनं माझा हात धरला आणि आवाज अगदी हळू केला. "हरवली का रे? मग तसं सांगायचं. मी तुला ओरडणार होते का? मला वाईट वाटू नये म्हणून दुसरी शोधून आणलीस ना? लहानपणी माझी बशी फोडलीस तेव्हाही असंच केलं होतंस."

ती मला समजावत होती! तिच्या डोळ्यांत पाणी, आणि थोपटत होती मला! अरुणीनं भांडं माझ्या हातात दिलं, कारण रीत ती रीत. मी गुडघे टेकले. मोठ्यांच्या हातावर सुवासिक पाणी घालायचं आणि म्हणायचं, वर्षभरात कळत नकळत जे चुकलं त्याची क्षमा कर. दर वर्षी मी हे घडाघडा म्हणतो. यंदा "कळत नकळत" पाशी अडकलो, आणि भांडंच्या भांडं हातातून सटकून पालथं झालं. मावशीच्या हातावर चार थेंब, बाकी सगळं नुआनवर!

पांढरे ओघळ मावशीच्या नव्या लुगड्यावरून खाली धावले. नुआन उभी राहिली. सकाळपासूनचं, कदाचित जानेवारीपासूनचं, सगळं साठलेलं तिनं एका दमात बाहेर काढलं. ती जी काय बोलली! पलीकडच्या काठावरची माणसं उठून उभी राहिली.

आणि मावशी ओरडली, "अगं बाई! नुआन!"

तिनं ते ओलं, चिखलानं माखलेलं, दाट चहाच्या रंगाचं मांजर छातीशी कवटाळलं. "हीच माझी! हाच रंग! काय रे थविन, पीठ कशाला फासलंस तिला?"

मी थक्क. "मावशी, तुला ही... अशीच माहीत होती?"

"मग कशी? चार वर्षं अशीच तर दिसायची मला. तपकिरी. म्हातारा आपला रोज म्हणायचा, पांढरी, पांढरी! मी म्हणायची, हो बाबा, पांढरी. कशाला त्याचं मन मोडा? मला वाटायचं, आपल्या आंधळ्या बायकोला बरं वाटावं म्हणून काहीतरी छान छान रचून सांगतोय. म्हटलं, दृष्टी आली की एकदा खरं खोटं बघून घेऊ."

मग मी सगळं कबूल केलं. एसी, अठरा अंश, डॉक्टरीणबाई, भट्टी, फोनवरचा आवाजसुद्धा. लोक हसत होते. मावशी हसत नव्हती. तिनं अरुणीला म्हटलं, "तुझ्या फोनात मी निघाले त्या दिवशीचा फोटो असेल बघ." अरुणीनं काढून दाखवला. ओसरीवर मावशी बसलेली आणि मांडीवर नुआन. दुधासारखी.

मावशीनं फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"म्हणजे तो खरं सांगत होता?"

"अगदी शब्दन् शब्द," मी म्हटलं. "तपकिरी होता तो तुझा मोतीबिंदू."

"आणि मी मनातल्या मनात त्याला थापाड्या म्हणत राहिले." ती अंगठ्यानं फोटोतल्या मांजरीला कुरवाळत बसली. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी काका गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "खरंच की रे. अख्ख्या कालव्यावर नाही इतकी पांढरी."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मला रडू आवरत नव्हतं आणि मी आवरलंही नाही. क्रासेकाका चष्मा पुसत होते. मोजायला काही नव्हतं, तरी पुसत होते.

अरुणीनं भांडं पुन्हा भरून आणलं. मावशीनं त्यातलं पाणी माझ्या डोक्यावर शिंपडलं आणि तोंडभर आशीर्वाद दिला. मग ती थांबली. बोटांनी माझे केस घासले. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा घासले. पदर घेऊन जोरजोरात पुसलं.

"काय करतेस मावशी?"

"मांजराला फासलंस ते फासलंस, स्वतःच्या डोक्याला कशाला? निघत नाहीये रे हे!"

शेवटी पिकुन म्हणाली, "मावशी, ते पीठ नाही. ते त्यांचे केस आहेत."

मावशीनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि त्या नव्या डोळ्यांनी मला नीट बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. सुरकुत्यांवरून, गालांवरून, डोक्यावरून नजर फिरवली. मांजरीकडे बघताना तिचा चेहरा इतका पडला नव्हता.

"अरुणी," ती म्हणाली, "मांजराचं ठीक आहे गं. उबेला ठेवली की ती होईल पहिल्यासारखी. पण ह्याला कुठे ठेवू?"

सध्या तिनं आम्हा दोघांनाही चुलीशेजारी बसवलंय. नुआनच्या पाठीवर गेल्या आठवड्यात पांढरे केस दिसायला लागले. माझ्यात अजून काही फरक नाही.